प्राण्यांमधली कणव आणि नीती: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्राण्यांना दुसऱ्याचं दुःख खरोखर कळतं का?

कळतं. पण "कळणं" या एका शब्दात आपण तीन निरनिराळ्या गोष्टी कोंबतो आणि बहुतेक वाद तिथूनच पेटतात.

पहिली म्हणजे भावनेची लागण. थव्यातलं एक कबूतर दचकून उडालं की बाकीची कारण न शोधताच उडतात. तान्ह्या मुलांच्या खोलीत एकानं गळा काढला की दुसरंही सुरू होतं. दुसरी पायरी सांत्वनाची: समोरचा अस्वस्थ आहे हे ओळखून त्याच्याजवळ जाणं, त्याला चाटणं, गोंजारणं. तिसरी पायरी नेमक्या मदतीची: अडचण कशात आहे ते हेरून तीच दूर करणं. पहिली पायरी प्राण्यांत सर्रास दिसते, दुसरी मोजक्या जातींत, आणि तिसरीवर अजून भांडणं चालू आहेत. नीती या तिन्हींच्या पलीकडची गोष्ट आहे. तिच्याकडे पुढे येऊ.

पहिल्या पायरीचं चोख उदाहरण कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठाचं, २००६ सालचं. दोन छोट्या उंदरांच्या पोटात सौम्य ॲसेटिक आम्ल टोचलं. दोघंही कळवळत असले तर प्रत्येक जण एकट्यानं सोसताना तडफडला असता त्याहून जास्त तडफडायचा. मात्र दोघं आधी काही आठवडे एका पिंजऱ्यात राहिलेले असले तरच. अनोळखी उंदराच्या वेदनेनं हा फरक पडत नव्हता. मधे अपारदर्शक पडदा लावला की परिणाम नाहीसा व्हायचा, म्हणजे ही लागण डोळ्यांवाटे होत होती.

दुसऱ्या पायरीसाठी उत्तर अमेरिकेतला प्रेअरी व्होल बघा. हा उंदरासारखा दिसणारा, जोडीनं राहणारा प्राणी. २०१६ मध्ये संशोधकांनी जोडीतल्या एकाला दुसऱ्याच्या नजरेआड हलके विजेचे झटके दिले आणि परत आणून सोडलं. काय घडलं हे न पाहिलेला जोडीदार त्याला नेहमीपेक्षा कितीतरी जास्त वेळ चाटत बसला. मेंदूच्या एका ठरावीक भागात ऑक्सिटोसिन या जवळीक वाढवणाऱ्या संप्रेरकाचं काम औषधानं रोखलं तेव्हा हे चाटणं बंद पडलं. जोडी न बांधणाऱ्या मेडो व्होलमध्ये हे वागणं मुळात दिसलंच नाही.

घुशीएवढ्या उंदरांनी मित्राला सोडवल्याचा तो प्रयोग नेमका काय होता?

शिकागो विद्यापीठातला, २०११ सालचा. याच्याबद्दल अर्धवट माहिती फार फिरते, म्हणून जरा सविस्तर.

दोन आठवडे एकत्र राहिलेल्या दोन उंदरांपैकी एकाला पारदर्शक, भोकं असलेल्या नळीत बंद केलं. नळीचं दार फक्त बाहेरून उघडायचं. दुसरा उंदीर बाहेर मोकळा. रोज एक तास, असे बारा दिवस. मोकळ्या उंदराला दार उघडायला कुणीही शिकवलं नव्हतं आणि उघडल्यावर खाऊही मिळत नव्हता. ४० मिनिटांत दार उघडलं नाही तर प्रयोगकर्ते ते अर्धवट उघडत, नाहीतर "काही केलं तरी उपयोग नाही" हाच धडा दोघांच्या अंगवळणी पडला असता. साधारण आठवडाभरात ३० पैकी २३ उंदीर दार उघडायला शिकले. त्यांत सहाच्या सहा माद्या होत्या, आणि २४ नरांपैकी १७.

तुलनेसाठी नळी रिकामी ठेवून पाहिली, खेळण्यातला उंदीर ठेवून पाहिला. त्यासाठी फार थोड्यांनी दार उघडलं. मग शेजारी दुसरी नळी ठेवली, तिच्यात चॉकलेटचे पाच तुकडे. उंदीर दोन्ही नळ्या उघडायचे, आणि सगळे तुकडे स्वतः फस्त करायची संधी असतानाही सरासरी दीड तुकडा सोबत्याच्या वाट्याला यायचा.

आता आक्षेप. २०१४ मध्ये दुसऱ्या एका गटानं दाखवलं की दार उघडल्यावर सोबत्याशी गाठ पडणारच नसेल तर उंदीर हे काम नव्यानं शिकत नाहीत. म्हणजे सोबत हवी म्हणून दार उघडलं, कणव वगैरे काही नाही. हा आक्षेप वजनदार आहे. त्याला अंशतः उत्तर मिळतं ते २०१६ च्या प्रयोगात. मोकळ्या उंदरांना मिडाझोलॅम हे चिंता कमी करणारं औषध दिल्यावर त्यांनी सोबत्यासाठी दार उघडणं सोडलं, चॉकलेटसाठी मात्र उघडत राहिले. हातपाय चालत होते, खाण्याची इच्छा होती. नव्हती ती फक्त बेचैनी. दुसऱ्याची तडफड पाहून स्वतःला अस्वस्थ वाटणं हेच त्या मदतीचं इंधन होतं. "मग ती मदत स्वार्थीच ना?" असं कुणी विचारेल. तोच निकष आपल्याला लावून पाहावा. रस्त्यावर पडलेल्याला पाहून पोटात कालवलं नाही तर आपल्यातले किती जण थांबतील?

म्हणजे उंदीर कुणालाही मदत करतात?

नाही, आणि आमच्या मते या सगळ्या संशोधनातला सर्वांत महत्त्वाचा निष्कर्ष हाच आहे. २०१४ च्याच एका वेगळ्या प्रयोगात पांढऱ्या उंदरांनी अनोळखी पांढऱ्यांना सोडवलं, पण डोकं-खांदे काळे असलेल्या दुसऱ्या वाणाच्या अनोळखी उंदरांना नाही. मात्र काळ्या वाणाच्या एकाच उंदराबरोबर दोन आठवडे राहिल्यावर ते त्या वाणाच्या परक्यांनाही सोडवू लागले. जन्मल्यापासून काळ्या वाणात वाढवलेली पांढरी पिल्लं मोठी झाली तेव्हा त्यांनी काळ्यांना मदत केली, स्वतःच्या रंगाच्या परक्यांकडे दुर्लक्ष केलं. आरशात तोंड न पाहिलेल्या उंदराला आपली जात माहीत नसते, सहवास तेवढा माहीत असतो.

कुत्र्याला आपली चूक कळते का? घरी आलो की तो अंग चोरून बसलेला असतो.

तो तुमचा आवाज, चेहरा आणि चाल वाचतो. चुकीशी त्याचा संबंध असलाच तर फार थोडा.

अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ मध्ये १४ पाळीव कुत्र्यांवर हे त्यांच्याच घरी तपासलं. मालकानं खाऊ समोर ठेवायचा, "खायचा नाही" म्हणायचं आणि खोलीबाहेर जायचं. मागे संशोधक कधी कुत्र्याला तो खाऊ खायला द्यायच्या, कधी उचलून ठेवायच्या. परतलेल्या मालकाला कधी खरं सांगायचं, कधी खोटं. कान पाडणं, नजर चुकवणं, शेपूट पायांत घालणं या "अपराधी" खुणा कुत्र्यानं खाल्लं की नाही यावर अवलंबून नव्हत्या, मालक रागावला की नाही यावर होत्या. सगळ्यात ठळक खुणा दिसल्या त्या काहीच न करता बोलणी खाल्लेल्या कुत्र्यांच्या चेहऱ्यावर.

"पण मी काही बोलायच्या आधीच तो लपतो" ही नेहमीची शंका. मागे दोन-तीनदा जमिनीवर कचरा असताना तुम्ही आलात आणि ओरडा बसला, एवढं त्याला पुरतं. "कचरा आणि मालक एकत्र, म्हणजे धोका" हे समीकरण तो पाठ करतो. कचरा कुणी केला, हे त्यात येतच नाही.

म्हणून तासाभरानं रागावणं निरुपयोगी. कुत्रा परिणामाची सांगड त्या क्षणी चाललेल्या कृतीशी घालतो आणि ते अंतर फार तर सेकंद-दोन सेकंदांचं. उशिरा ओरडलात तर त्याच्या लेखी शिक्षा होते ती दारात स्वागताला येण्याची. कचऱ्याचा डबा झाकणाचा घ्या किंवा ओट्याखाली बंद करा, चप्पल कपाटात ठेवा, आणि चावण्याजोगी त्याच्या हक्काची वस्तू समोर असू द्या. चप्पल तोंडात असताना पकडलंत तर ओरडण्याऐवजी अदलाबदल करा: हातात खाऊ दाखवा, चप्पल सुटली की लगेच खाऊ द्या.

मी रडलो की कुत्रा जवळ येतो. ही तरी सहवेदना ना?

असू शकते. लंडनमध्ये २०१२ साली १८ कुत्र्यांसमोर माणसं वीस-वीस सेकंद कधी रडण्याचं नाटक करत, कधी गुणगुणत, कधी साधं बोलत. गुणगुणणंही विचित्रच, तेव्हा कुत्री नुसत्या कुतूहलानं येत असती तर तिथेही आली असती. पण ती रडणाऱ्याकडे कितीतरी जास्त वळली आणि तीही मवाळ, नमतं घेतल्यासारखी. अनोळखी माणूस रडला तर धीरासाठी मालकाकडे न जाता त्या अनोळखी माणसाकडेच गेली. तरीही रडणाऱ्या माणसाजवळ गेलं की गोंजारणं मिळतं, हे आयुष्यभरात शिकलेलं असण्याची शक्यता उरतेच आणि हे खुद्द संशोधकांनीच नोंदवलं आहे.

काकडी फेकणाऱ्या माकडाचा व्हिडिओ खरा आहे का? माकडांना न्याय कळतो?

व्हिडिओ खरा आहे, त्याचा अर्थ डळमळीत आहे. सारा ब्रॉस्नन आणि फ्रान्स डी वाल यांनी २००३ मध्ये कॅपुचिन जातीच्या माकडांच्या पाच माद्यांना एक खडा परत देण्याच्या बदल्यात काकडीचा तुकडा दिला. शेजारणीला त्याच कामाचं द्राक्ष मिळतंय हे दिसल्यावर त्या काकडी नाकारू लागल्या. व्हिएन्नात २००९ मध्ये कुत्र्यांवर असंच दिसलं: शेजाऱ्याला पंजा देण्याचा मोबदला मिळतोय आणि आपल्याला काहीच नाही, असं पाहिल्यावर कुत्री पंजा देईनाशी झाली. मात्र एकाला पाव आणि दुसऱ्याला सॉसेज, हा भेद त्यांनी मनावर घेतला नाही.

आक्षेप असा की द्राक्ष डोळ्यांसमोर आलं की काकडी कुणालाही फिकीच लागते, शेजारी असो वा नसो. तो अन्याय नव्हे, अपेक्षाभंग. नंतर बऱ्याच प्रयोगशाळांना मूळ निकाल पुन्हा मिळाला नाही, आणि २०२४ मध्ये अनेक जातींवरच्या अशा प्रयोगांच्या एकत्रित फेरतपासणीतही विषमतेच्या चिडीचा ठोस पुरावा सापडला नाही. शिवाय यात चिडते ती कमी मिळालेली माकडीण. द्राक्ष मिळालेलीनं ते शेजारणीसाठी नाकारलं असतं, तर न्यायाची चर्चा वेगळ्या उंचीवर गेली असती.

माकडं दुसऱ्याला इजा होऊ नये म्हणून उपाशी राहतात, हे खरं?

१९६४ चा, ऱ्हीसस माकडांवरचा प्रयोग. साखळी ओढली की अन्न मिळायचं, पण एका साखळीनं समोरच्या माकडाला विजेचा झटकाही बसायचा. बहुतेकांनी ती साखळी टाळली. एकानं पाच दिवस आणि दुसऱ्यानं बारा दिवस कुठलीच साखळी ओढली नाही. समोरच्याचं किंचाळणं नकोसं होतं की त्याचं दुखणं नकोसं होतं, हे या मांडणीत वेगळं करता येत नाही.

माजलगावच्या वानरांनी खरंच कुत्र्यांचा सूड घेतला होता का?

डिसेंबर २०२१ मध्ये बीड जिल्ह्यात माजलगाव तालुक्यातल्या लवूळ गावातून बातम्या आल्या: कुत्र्यांनी वानराचं पिल्लू मारलं, म्हणून वानरं कुत्र्यांची पिल्लं उचलून उंचावर नेतात आणि खाली टाकतात. मेलेल्या पिल्लांचा आकडा बातम्यांमध्ये अडीचशेपर्यंत चढला. शेवटी वनविभागानं दोन वानरं पकडून नेली. "बदला" हा शब्द तोवर देशाबाहेर पोचला होता.

आधी एक गोष्ट: ही वानरं होती, काळ्या तोंडाची, लांब शेपटीची. लाल तोंडाची माकडं नव्हेत. वानरांच्या टोळीत दुसऱ्याची पिल्लं घेऊन फिरण्याची सवय मुरलेली असते, माद्या एकमेकींची तान्ही हातोहात फिरवतात. अशा प्राण्यानं कुत्र्याचं पिल्लू उचललं, तर छपरावर किंवा झाडावर त्या पिल्लाला ना दूध मिळतं ना खाली उतरता येतं. ते भुकेनं मरतं किंवा पडून मरतं. उचलण्यामागे द्वेष असण्याची गरजच नाही. सूड म्हणायला मारेकरी कोण हे लक्षात ठेवावं लागतं, त्याचा दोष त्याच्या अख्ख्या जातीवर लादावा लागतो आणि बेत आखून तो दिवसेंदिवस चालवावा लागतो. एवढं सगळं पकडलेली वानरं दोन असताना गृहीत कसं धरायचं?

सूडासारखं वागणं माकडांत अजिबात नाही, असंही नव्हे. जपानी मकाकांच्या (आपली लाल तोंडाची माकडंही मकाकच) १९९२ च्या अभ्यासात मार खाल्लेली माकडं नंतर मारणाऱ्याच्या नातलगांवर तुटून पडताना नोंदली गेली. पण तिथे दोन्ही बाजू एकाच टोळीतल्या आणि एकमेकांना ओळखणाऱ्या होत्या.

आणि साप डूख धरतो ते?

नाही.

गीरच्या सिंहिणीनं बिबट्याचं पिल्लू सांभाळलं. ही दया नव्हे?

२०१८ च्या अखेरीस गीरमध्ये एका सिंहिणीनं सुमारे दोन महिन्यांचं बिबट्याचं पिल्लू आपल्या दोन बछड्यांबरोबर दूध पाजून वाढवलं. जवळपास ४५ दिवसांनी ते जन्मजात हर्नियानं मेलं. सिंह एरवी बिबट्याची पिल्लं मारतात, म्हणून प्रसंग विलक्षणच. पण नुकत्याच व्यालेल्या मादीच्या अंगात पिल्लाच्या हाकेला ओ देणारी संप्रेरकं भरात असतात, आणि त्या वयात दोन्हींची पिल्लं हाक मारतात, दूध मागतात, खेळतात साधारण एकसारखीच. लवूळचं वानर आणि गीरची सिंहीण कदाचित एकाच ओढीची दोन टोकं असतील. एकाची बातमी क्रौर्याची झाली आणि दुसरीची मायेची.

हत्ती आपली मेलेली पिल्लं पुरतात का?

उत्तर बंगालच्या चहाच्या मळ्यांत २०२२-२३ मध्ये हत्तीच्या पिल्लांची पाच दफनं नोंदली गेली. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या त्या नोंदींनुसार पिल्लं मळ्यांतल्या पाण्याच्या चरांत होती, पाय वर आणि अंगावर माती. कळपानं माती लोटली हे पावलांच्या खुणांवरून दिसतं. त्यामागे मृत्यूची समज होती की पिल्लाला चरातून हलवण्याच्या धडपडीत ते झालं, हे खुणा सांगत नाहीत.

जिवंत हत्तींच्या सांत्वनाचा पुरावा जास्त भक्कम आहे. थायलंडमध्ये २६ आशियाई हत्तींच्या निरीक्षणात एखादा बिथरला की बाकीचे त्याच्याजवळ जाऊन सोंड त्याच्या तोंडात किंवा तोंडापाशी नेत, हे वारंवार नोंदलं गेलं. केनियातल्या साम्बुरूत २००३ साली एलिनोर नावाची कळपप्रमुख हत्तीण कोसळली तेव्हा तिला सुळ्यांनी उठवायला धावली ती ग्रेस, परक्या कुटुंबातली.

कावळे मेलेल्या कावळ्याभोवती जमतात, ती शोकसभा असते का?

ती धोक्याची चौकशी असते. अमेरिकी कावळ्यांवरच्या २०१५ च्या प्रयोगात मुखवटा घातलेली माणसं मेलेला कावळा हातात घेऊन त्यांच्या खाण्याच्या जागेजवळ उभी राहिली. कावळ्यांनी कल्लोळ केला, नंतर काही दिवस त्या जागी खायला यायला उशीर लावला, आणि तो मुखवटा रिकाम्या हातांनी दिसला तरी आठवडेच्या आठवडे त्यावर ओरडत राहिले. आपला गावकावळा वेगळ्या जातीचा, पण कावळ्यांची शाळा भरलेली दिसली की आसपास मांजर, घुबड किंवा उघडी वीजतार आहे का ते आधी बघा. दहाव्याच्या पिंडाला कावळा लवकर शिवत नाही, त्याला तर सभोवार उभी असलेली माणसंच पुरेशी आहेत.

मुंग्याही एकमेकींना वाचवतात. त्यांनाही कणव?

इथे सावध व्हावं. वाळूत नायलॉनच्या दोऱ्यानं बांधून ठेवलेल्या मुंगीला वारुळातल्या बहिणी खोदून मोकळी करतात आणि नेमका तो दोराच चावतात, हे २००९ मध्ये दाखवलं गेलं. दुसऱ्या वारुळाच्या मुंगीसाठी मात्र कुणी हलत नाही. आफ्रिकेतल्या मॅटाबेली मुंग्या वाळवीवरच्या धाडीत जखमी झालेल्यांना उचलून घरी आणतात, जखमा चाटतात. फार पाय तुटलेल्यांना सोडून देतात. अडकलेली किंवा जखमी मुंगी हाकेचं रसायन सोडते आणि बाकीच्या त्याला प्रतिसाद देतात, एवढ्यावर हे बरंचसं उलगडतं. मदत डोळ्यांना दिसते तेवढ्यावरून आतली भावना ठरवता येत नाही, याची आठवण ठेवायला मुंगीसारखा गुरू नाही.

मग नीती? प्राण्यांना बरंवाईट कळतं म्हणायचं का?

डार्विननं १८७१ मध्ये लिहिलं की ज्या प्राण्यात सामाजिक प्रवृत्ती ठळक आहेत, त्याची बुद्धी माणसाइतकी विकसित झाली तर सदसद्विवेक त्याच्यात येणं अटळ आहे. डी वाल यांचं म्हणणं असं की कणव, परतफेड, तडजोड या विटा प्राण्यांत आहेत, त्यांची इमारत माणसात झाली. आम्हाला हे पटतं, पण एका अटीवर: विटा मोजताना दगडही मोजायचे. धारवाडजवळ १९६० च्या दशकात युकिमारू सुगियामा यांनी आणि पुढे अबूच्या डोंगरावर सारा हर्डी यांनी नोंदलं की टोळी बळकावणारा नवा वानर आधीच्या नराची तान्ही पिल्लं मारतो, आणि पिल्लू गेलेली मादी लवकर पुन्हा माजावर येते. त्याच वानरांच्या माद्या एकमेकींची पिल्लं जपतात. दोन्ही त्याच टोळीत, कधीकधी त्याच आठवड्यात.

त्यामुळे त्या नराला खुनी म्हणणं चूक आणि पिल्लू जपणाऱ्या मादीला साध्वी म्हणणंही चूक. फ्रान्समधल्या फालेझ गावी १३८६ साली एका डुकरिणीला मूल मारल्याबद्दल रीतसर खटला चालवून फाशी दिलं होतं. आज हसू येतं, पण सोसायटीच्या बैठकीत "तो कुत्रा मुद्दाम करतो" असं म्हणणारा माणूस त्याच न्यायालयात बसलेला असतो. प्राण्याकडे कर्तव्य नसलं तरी त्याला वेदना आहेत, आणि वेदना असणं एवढी पात्रता आपल्याकडून काळजी मिळायला पुरेशी आहे.

व्हॉट्सॲपवर आलेला "प्राण्याची माणुसकी" दाखवणारा व्हिडिओ कसा तपासायचा?

सुरुवात आणि शेवट कापलेला आहे का ते बघा, कारण मदतीच्या आधीचं मिनिटभर बहुधा गायब असतं. कॅमेरा आधीपासून स्थिर आणि नेमक्या कोनात असेल तर संकट मांडलेलं असू शकतं. अजगराच्या विळख्यातून पिल्लू "वाचवण्या"चे बरेच व्हिडिओ असेच रचलेले असतात आणि त्यात दोन्ही प्राण्यांचे हाल होतात. मग आवाज बंद करून पुन्हा बघा. संगीत गेलं की अर्धी कणव जाते. शेवटचा प्रश्न: त्या प्राण्याला यातून अन्न, सोबत किंवा खेळ मिळाला का?

स्वतः निरीक्षण करायचं असेल तर?

गल्लीतली कुत्री किंवा देवळाजवळची माकडं चालतील. वही, घड्याळ आणि आधी आठवडाभर फक्त ओळख पटवणं: फाटका कान, तुटकी शेपटी, अंगावरचा डाग. प्रत्येकाला ओळखता येत नाही तोवर नोंद सुरू करू नका.

भांडण झालं की मार खाल्लेल्या प्राण्यावर दहा मिनिटं नजर ठेवा. कोण जवळ आलं, कितव्या मिनिटाला, पुढाकार कुणाचा, काय केलं, ते लिहा. दुसऱ्या दिवशी साधारण त्याच वेळी, भांडण नसताना, त्याच प्राण्याची दहा मिनिटं नोंदवा. ही दुसरी नोंदच खरी किल्ली आहे. ती नसेल तर नेहमीची लगटही सांत्वन वाटते. भांडणानंतरचा पहिला स्पर्श शांत दिवसापेक्षा लवकर घडतो का, हे अशा काही डझन जोड्यांत तपासा. भांडणाऱ्यानंच येऊन जवळीक केली तर तो समेट. तिसरा, भांडणात नसलेला आपणहून आला तरच सांत्वन.

बहुतेकांचं चुकतं ते इथे: खाऊ घालण्याच्या वेळी नोंद घेणं, कारण तेव्हा सगळेच एकत्र येतात. माकडांकडे टक लावून बघणं, कारण त्यांच्या भाषेत ती धमकी असते. आणि काही झालं नाही ती दहा मिनिटं वहीत न लिहिणं. कुत्र्यांत तिसऱ्यानं येऊन जवळीक केल्याच्या नोंदी तुम्हाला मिळण्याची शक्यता बरी आहे. मकाक माकडांच्या बहुतेक जातींत मात्र समेट भरपूर आणि सांत्वन जवळजवळ शून्य असं संशोधकांनाही आढळलंय. तेव्हा देवळापाशी महिनाभर बसून तो रकाना कोरा राहिला, तर कोराच ठेवा.